मागचा डावा कोपरा

"अंडं उकडायला किती वेळ लागतो गं?"

बाबा गॅससमोर उभे होते. एका हातात अंडं, दुसऱ्या हातात मनगटी घड्याळ.

"उकडायचं कशाला? मी ऑम्लेट करते ना," असं म्हणत मी त्यांच्या हातातलं अंडं काढून टोपलीत परत ठेवलं.

"जन्मभर ऑम्लेटच खाल्लं. धंदा अंड्यांचा, आणि तुझ्या आईने एकदा म्हणून अंडं उकडून दिलं नाही."

"तिला आवडत नसेल."

"मला कुणी विचारलं होतं?"

आईला जाऊन सात आठवडे झाले होते. मी दोन गल्ल्या सोडून राहते. दवाखान्यात केसपेपर काढायची माझी नोकरी. जाताना आणि येताना बाबांकडे डोकावते. त्या दिवशीही मी वाडग्यातली तडकलेली अंडी फेटली आणि तोंड बंद ठेवलं. तोंड बंद ठेवण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही.

त्याचं असं आहे. बाबा शहराबाहेरच्या फार्मवरून मोपेडवर अंडी आणतात आणि दुकानांना देतात. असा धंदा करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्याकडे बाबांची पेटी नाही. ती बाबांनी स्वतः बनवली. प्लायवूडची, चार खणांची, एका खणात तीस अंडी. प्रत्येक अंड्याला वेगळं गोल भोक, भोकाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी, खणांखाली जुन्या सीटमधल्या स्प्रिंगा. अंडं टोक खाली करून बसवायचं आणि एकाचा दुसऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही. "अंडं रस्त्यामुळे फुटत नाही, शेजाऱ्यामुळे फुटतं," असं बाबा सांगतात, आणि सांगताना शेजारच्या घराकडे बघतात. सगळे त्यांना पेटीवाले म्हणतात. माझा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाबांनी आधी त्याला पेटी दाखवली, पेटीवर स्वतः बसून दाखवलं, आणि मग मला हाक मारली.

"सव्वीस वर्षांत एक अंडं फुटलं नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की आता ते दुकानात शिरले की दुकानदारच ते म्हणून टाकतात.

अंडी फुटत होती. रोज पाच, सहा, कधी सात.

बाबा घरी आले की पेटी ओट्यावर ठेवायचे. "अहो, आधी हात धुऊन या. अंड्यांना पेट्रोलचा वास लागतो," आई म्हणायची. बाबा निमूटपणे मोरीकडे जायचे. तेवढ्या वेळात आई चारही खण उपसायची, तडकलेली अंडी वेचून खोल पातेल्यात टाकायची आणि तेवढीच चांगली अंडी मोजून भरायची. ही चांगली अंडी आमच्या परसातल्या आठ कोंबड्यांची. बाबा हात पुसत येईपर्यंत दुकानांचे ट्रे तयार असायचे. संध्याकाळी पातेल्यातली अंडी आमच्या ताटात. बाबांना वाटायचं, आपण घरच्या कोंबड्यांची अंडी खातोय. आणि तडकलेलं अंडं काही उकडता येत नाही, पाण्यात टाकलं की अर्धं बाहेर येतं, म्हणून आमच्याकडे ऑम्लेट.

मी आठ वर्षांची असताना एकदा आईला पातेल्यासकट पकडलं होतं.

"आई, बाबांना सांग ना."

"रोज सांगते की," आई म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

ती रोज काय सांगते ते मी ऐकतच होते. हात धुवा, पाय पुसा, गाडी हळू लावा, चहा निवतोय. त्यात अंड्यांचं काहीच नव्हतं. मोठी माणसं उत्तर टाळतात तसं तिने टाळलं, असं मी धरून चालले.

आता खण बाबांनाच उघडावे लागत होते. आई गेल्यावर धंदा पुन्हा सुरू केला त्या पहिल्याच दिवशी सहा अंडी तडकलेली निघाली. बाबांनी भोकांच्या कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पेटी इतके दिवस नुसती पडून होती. रबर आखडलं." त्यांनी सगळ्या पट्ट्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी पाच. "रस्ता खणून ठेवलाय मेल्यांनी." त्यांनी स्प्रिंगा बदलल्या. पुढे सात. "तो फार्मवाला कोंबड्यांना चुना घालत नाही. कवच बघ, नुसता कागद." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण रोज माझ्या ओठांवर यायची. पण ती स्वतःच्या बापाला ऐकवायची कशी?

अशातच उबवणी केंद्राच्या मॅडमचा फोन आला. पिल्लांसाठीची अंडी त्यांना लांब लांब पाठवावी लागतात, आणि नुसतं कवच शाबूत राहून भागत नाही, आत हादरा बसला तरी पिल्लू निघत नाही. पेटीची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. तशा वीस पेट्या त्यांना हव्या होत्या. आधी फेरीवरून आलेली पेटी समोर उघडून बघायची होती. गुरुवारी अकरा वाजता त्या घरी येणार.

"एकही फुटणार नाही, मॅडम," बाबा फोनवर म्हणाले. फोन ठेवल्यावर मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"अशी काय बघतेस? गुरुवारपर्यंत सापडेल."

"काय सापडेल?"

"जे काय असेल ते."

माणूस खचला नव्हता, हे खरं. पण मला भीती वाटत होती, तेही खरं. आई गेल्यापासून बाबा सकाळी उठत होते, दाढी करत होते, वेळेवर घराबाहेर पडत होते, ते त्या पेटीच्या जोरावर. तीच पेटी परक्या बाईसमोर उघडून तिच्यातून सहा फुटकी अंडी निघाली, तर सव्वीस वर्षं तोंडावर पडणार होती. मग मी ठरवलं, आईने जे केलं तेच आपण करायचं. गुरुवारची रजा टाकली. बाबा उठायच्या आत परसदारी जाऊन खुराड्यातली सहा अंडी काढली, एकेक रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवली.

मॅडम वेळेआधीच आल्या. माझ्याच वयाच्या, साध्या, हातात छोटी टॉर्च. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि चहा दिला. ओटा पुसून ठेवला. पर्स खांद्याला होतीच.

"घरातच आहात ना? पर्स का अडकवलीय?" मॅडमनी विचारलं.

"सवय," मी म्हटलं.

अकराला मोपेडचा आवाज आला. रोजचा क्रम मला पाठ होता. फाटकाशी इंजिन बंद, मग स्टँडला लाथ, मग गाडी डावीकडे खाडकन कलंडून थांबते, मग बाबांचं खाकरणं. इंजिन बंद झालं. पुढचं काहीच ऐकू आलं नाही.

"जरा बाहेर ये," बाबांनी हाक मारली.

ते गाडीवरच बसून होते, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. "मागून पेटीला हात लाव. घट्ट धर. आता मी स्टँड लावतो." त्यांनी स्टँड पायाने अलगद पुढे सरकवला आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी गाडी इंच इंच कलती केली. आवाज झालाच नाही. मग दोघांनी मिळून पेटी आत आणली आणि ओट्यावर ठेवली. मॅडम उठून दारात आल्या.

आता मला माझं वाक्य म्हणायचं होतं. "बाबा, आधी हात धुऊन या. अंड्यांना पेट्रोलचा वास लागतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरच्या पर्सकडे पाहिलं.

"सव्वीस वर्षं धुतले," ते म्हणाले. "आज नाही धुणार. आणि त्या पर्समधली सहा बाहेर काढून ठेव, नाहीतर चुकून त्यांच्यावर बसशील."

मी रुमालांतली सहा अंडी काढून ओट्यावर ठेवली.

"सकाळी खुराड्यात हात घातला, तर एक अंडं नाही. आठ कोंबड्या काय संपावर गेल्या? तिथेच बसून हिशेब केला. धंदा पुन्हा सुरू झाल्यापासून रोज कोंबड्यांची सहा आहेत आणि पेटीतली फुटकी सहा आहेत. बारा झाली. तुझी आई होती तेव्हा ताटात सहाच यायची. मग उरलेली सहा जायची कुठे?" ते थांबले. "आणि उकडलेलं अंडं मला का मिळालं नाही, तेही तिथेच कळलं. इतका ढ माणूस आहे मी."

"बाबा, आम्हाला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते नंतर." ते मॅडमकडे वळले. आवाज खणखणीत होता, दुकानात बोलतात तसा. "मॅडम, उघडायच्या आधी एक सांगतो. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. आधीच्या वर्षांचं मला माहीत नव्हतं, पण खोटं ते खोटंच. या पेटीतली पाच-सहा अंडी रोज फुटत होती. माझी बायको ती काढून घ्यायची आणि मलाच खाऊ घालायची. सव्वीस वर्षं तिने मला कुणापुढे खोटं पडू दिलं नाही."

मॅडमनी टॉर्च एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग काका, आज?"

"आज मी फार्मवरून निघालो आणि पुलावर थांबून पेटी उघडली. एकही नाही फुटलं. खणलेला रस्ता संपल्यावर उघडली. एकही नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उघडली, लोक बघत होते. एकही नाही. मग उरलं काय? आपलं दार." बाबांनी बाहेर बोट दाखवलं. "अकरा किलोमीटर सांभाळून आणायचो आणि दारात स्टँड असा आदळायचो. सगळा भार मागच्या डाव्या कोपऱ्यावर. 'अहो, गाडी हळू लावा.' रोज म्हणायची ती. मला वाटायचं, आवाजाने तिचं डोकं दुखतं."

रोज सांगते की. पातेल्यावर झाकण ठेवणारे आईचे हात माझ्या डोळ्यांसमोर आले. मी आठ वर्षांची होते, मला कळलं नाही ते समजण्यासारखं आहे. पण पुढेही इतकी वर्षं मी ते वाक्य रोज ऐकलं आणि कधी थांबून विचार केला नाही. मला तिथल्या तिथे रडू आलं, ते मी लपवलं नाही.

बाबांनी सर्वात खालचा खण ओढला आणि मागचा डावा कोपरा मॅडमसमोर केला. मॅडमनी तिथली सहा अंडी एकेक उचलून टॉर्चच्या उजेडात फिरवली. मग त्या खणातली बाकीची. मग वरचे तीन खण. त्यांनी घाई केली नाही आणि बाबांनीही त्यांना घाई करू दिली नाही. एकशेवीस अंडी, एकालाही केसाएवढी रेघ नव्हती.

"पेटी चांगलीच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण आमचे ड्रायव्हर स्टँड असाच आदळतात. त्यांना सांगायचं कुणी?"

"झाकणावर लिहून देतो. मोठ्या अक्षरांत, लाल रंगाने."

"काय लिहाल?"

"वाक्य तयार आहे," बाबा म्हणाले.

मॅडम वीस पेट्यांचं नक्की करून गेल्या. बाबांनी दुकानांचे ट्रे भरले. आयुष्यात पहिल्यांदा, फार्मवरून आणलेली खरोखरच सगळीच्या सगळी. मी स्वयंपाकाला लागले आणि सवयीने वाडग्याकडे हात गेला. वाडगा रिकामा होता. फुटकं अंडं घरात एकही नव्हतं. रुमालांतली सहा तेवढी ओट्यावर होती, सगळी शाबूत.

"आता उकड," मागून बाबा म्हणाले. "आता काय अडचण आहे?"

मी पातेल्यात पाणी घेतलं. तेच आईचं खोल पातेलं. बाबा घड्याळ हातात घेऊन शेजारी उभे राहिले आणि मिनिटं मोजत राहिले. अंडी गार पाण्यात घालून मी दोन बशा मांडल्या, मीठ ठेवलं. आम्ही समोरासमोर बसलो. आईच्या जागेवर कुणी बसलं नाही.

बाबांनी अंडं उचललं, टोक खाली धरून, पेटीत बसवतात तसं. मग टेबलाच्या कडेवर टेकवलं. इतकं हळू, की त्याला काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा आपटलं, तेही हळूच. अंडं तसंच.

"जोरात मारा, बाबा."

"मारतो," ते म्हणाले, आणि हात हवेत तसाच धरून बसून राहिले.