येळवशीची रजा

भागवतनं आईला आजारी पाडलं ते मंगळवारी सकाळी, साइटवरच्या कंटेनरात चहा पिता पिता. आई तिकडं जळकोटच्या रानात हरभऱ्याची भाजी खुडत होती, ठणठणीत. आणि हा पठ्ठ्या इथं म्हणतोय, "दादा, आईचं बीपी लई वाढलंय. चक्कर येऊन पडली म्हणं."

राजपालदादांचा कप हातातच राहिला. सोनारीकडच्या माळावर पवनचक्क्यांची देखभाल करणारी ही दोघांची जोडी. टॉवरवर चढण्याआधी एकानं दुसऱ्याचा सुरक्षा-पट्टा तपासायचा, आणि दोघांनी एकदम रजा घ्यायची नाही, हे तिथले नियम. गुरुवारी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानात पूजा करून तिथंच जेवायचा सण. त्या दिवसाची रजा मंजूर होती ती दादांची. त्यांची पौर्णिमा नर्सिंगला नांदेडला निघाली होती. शिकायला गाव सोडणारी घरातली पहिलीच पोर. तिला येडशीच्या स्टेशनावर गाडीत बसवायला बाप जाणार होता.

भागवतला हे सगळं ठाऊक होतं हो! पण मागल्या वर्षीही येळवस हुकली होती. रानातली पंगत, भाज्या-डाळींची भज्जी, ताकातली आंबील डोळ्यांपुढून हलेना. तरी म्हणून काय जित्त्या आईला अंथरुणाला खिळवायचं?

"तू जा," दादा म्हणाले. "पौर्णिमाला तिची आई बसवून देईल." मग पलंगाखालची बॅग ओढून त्यांनी एक कोरं खोकं काढलं. आत बीपी बघायचं मशीन. "पोरीसाठी घेतलं होतं. आधी मावशीचं बघ. सकाळ-संध्याकाळ बघायचं आन् लिहून ठेवायचं."

तेव्हा तरी खरं बोलायचं! पण नाही. भागवत खोकं काखेत मारून गावी गेला.

येळवशीला रान माणसांनी भरलं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, पंगती बसल्या. तेवढ्यात पिशवीतलं मशीन आईच्या, सिताबाईच्या, हाती लागलं. "अगं बया, हे काय म्हणं?" झालं! शेजारचे गुंडाप्पा बाही वर करून सगळ्यांत पुढं. आईनं आपलाही दंड पुढं केला, आणि आकडे एकदम चोख आले. सगळे हसले. भागवत मात्र मशीन परत पिशवीत कोंबायला लागला.

कोपीला टांगलेल्या सदऱ्यात फोन वाजला. हा उठेपर्यंत आईनं उचललाही.

"कोण, राजपाल व्हय? मला? मला काय धाड भरलीय बाबा! सकाळपासनं चाळीस माणसं जेवू घातली म्या. तू का न्हाय आलास? बरं, डबा देते पाठवून." फोन ठेवून ती म्हणाली, "लई मायाळू माणूस हाय रे. मला कायच झालं न्हाय म्हणलं, तर म्हणला, मावशी, जिवात जीव आला."

भागवतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी साइटवर पोचताच त्यानं दादांपुढं डबा ठेवला, शेजारी खोकं. "दादा, म्या खोटं बोललो."

"कळलं की काल." दादांनी डबा उघडून भज्जीचा घास घेतला. "मावशीच्या हाताला चव हाय."

शिव्या घालतील, कानफटात मारतील, या आशेवर भागवत उभा होता. दादा जेवत राहिले. शेवटी त्यानंच विचारलं, "पौर्णिमा?"

"गेली. रुसली न्हाय. गाडीत बसल्यावर फोन केला तिनं. म्हणली, पप्पा, त्या आजीला कसं वाटतंय ते विचारून मला सांगा. म्हणून तर काल तुला फोन लावला."

भागवतनं खोकं पुढं सरकवलं. दादांनी ते परत त्याच्याकडं लोटलं.

"राहू दे तुझ्या घरी. मावशी उद्या खरंच आजारी पडली तर लागंल. तवाबी रजा माग, म्या माझी देईन."

दोघं टॉवरखाली आले. दादांनी रोजच्यासारखा भागवतच्या पट्ट्याचा एकेक हूक ओढून बघितला आणि 'झालं' म्हणाले. मग पाठ फिरवून उभे राहिले.

"आता माझा बघ."

भागवतनं एकेक हूक तीन-तीनदा ओढून पाहिला, तरी त्याच्या तोंडून 'झालं' निघेना.