हिराचा पत्ता

कोयत्याचा दुसरा घाव दारावर बसला, तेव्हा निवारागृह चालवणाऱ्या वासंतीताईंना आम्रपाली नवी वेबसाइट शिकवत होती. तिसऱ्या घावाला कडीच निखळली. आत घुसलेल्या माणसाच्या एका हातात कोयता, दुसऱ्यात मोबाईल. पोळ्या लाटणारी हिरा त्याला बघून भिंतीकडे सरकली. तो तिचा नवरा होता.

शिव्यांची लाखोली वाहत त्याने वार केला. हिराने डोक्यावर हात आडवा धरला, तो मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. वासंतीताईंनी चुलीवरचं उकळतं वरण त्याच्या तोंडावर ओतलं. मग चौघीजणींनी त्याला लाटण्यांनी असा बडवला की पोलीस येईपर्यंत मेल्याला उठता आलं नाही. बरं झालं. कोणी हळहळायचं कारण नाही.

त्याचा मोबाईल आम्रपालीच्या पायाशी पडला होता. त्यावर तिनेच केलेलं पान उघडं होतं. वर हिराचं नाव, खाली या निवारागृहाचा शनिवार पेठेतला पूर्ण पत्ता.

खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत बारा वर्षं मान मोडून काम केलेली बाई ती, तिला लगेच कळलं. वेबसाइटचे तीन भाग होते: देणग्या, शिकवणीवर्ग आणि आश्रयाला आलेल्या बायका. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा. पहिल्यात कोणीही शोधावं, तिसरा कायम कुलपात. पण एखाद्या भागाला त्याचा डेटाबेस नेमून दिला नाही, तर त्याची माहिती आपोआप पहिल्यात जाऊन पडते. तिसऱ्या भागाची ती एक ओळ लिहायची राहिली होती. शुक्रवारी वेबसाइट सुरू झालीच पाहिजे म्हणून तिचे वरिष्ठ दत्तप्रसाद साहेब मानगुटीवर बसले होते, आणि हिनेही म्हटलं, सोमवारी बघू. आज शनिवार होता.

फरशीवरचं रक्त पुसायच्या आधी तिने ती ओळ लिहिली. अर्धं मिनिट लागलं.

वासंतीताई पोलिसांना सांगत होत्या की आतलंच कोणीतरी फितूर आहे. आम्रपाली पुढे झाली.

"फितूर कोणी नाही. पत्ता माझ्या चुकीने बाहेर गेला."

दवाखान्यात बावीस टाके पडलेल्या हिरासमोर ती ढसाढसा रडली. ती ओळ, तो सोमवार, सगळं सांगून टाकलं.

"आता दुरुस्त केलंय गं. नवा पत्ता कोणालाच दिसणार नाही. कुठे जाणार आहेस?"

"दुरुस्त केलं ते बरं केलं, ताई," हिरा शांतपणे म्हणाली. "पण तुम्हाला नाय सांगायची मी."

मग तिने नर्सला हाक मारून खाटेभोवतीचा पडदा ओढून घ्यायला सांगितलं.