ओठांवरचा उजेड

मिशी चिकटवण्याच्या गोंदाचा उग्र, राळेसारखा वास आणि त्यात दवाने भिजलेल्या धानाच्या पेंढ्यांचा गोडसर गंध. मनिरामकाका मला आधी असे आठवतात. चेहरा मागाहून येतो, हेमंतातल्या सूर्यासारखा, धुके विरता विरता.

चाळीस वर्षे त्यांनी आमच्या झाडीपट्टीच्या रंगमंचावर राजे, भिकारी आणि शोकाकुल पिते उभे केले. उतारवयात तीन-चार चित्रपटही केले. हात उचलला की त्यांच्या बोटांतून संध्याकाळ उतरे. एका छत्तीसगढी चित्रपटात त्यांच्या तोंडी दुसऱ्याच कोणाचा आवाज घातला गेला होता. गावात पडदा बांधून तो दाखवला तेव्हा लोक खवळले. "काकाजी, तुमचा आवाज चोरला ना जी या लोकायनं!" असा गलका उसळला, आणि काका मात्र शरदातल्या बोडीच्या, शेताकडेच्या तळ्याच्या, पाण्यासारखे निश्चल, पडद्यावरच्या स्वतःकडे पाहत मंद हसत राहिले. टाळ्या कडाडल्या तरी ते कधी मागे वळत नसत. त्या अलिप्ततेला आम्ही वैराग्य म्हणत असू. मी तर त्या वैराग्यावर एक कविताही लिहिली होती. ती आठवली की आजही कानाच्या पाळ्या तापतात.

माझे बाबा प्रॉम्प्टर होते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, रात्रभर नाटक चालते, आणि आज या गावी एक तर उद्या दुसऱ्या गावी दुसरेच नाटक करणाऱ्या नटाला संवाद पाठ करायला सवड कुठली? मंचाच्या पुढच्या कडेला, खोलगट जागेत, प्रेक्षकांकडे पाठ करून बाबा बसत आणि ओळीमागून ओळ नटाच्या हाती देत. नट बोले ते बाबांच्या श्वासावर. काकांची आणि त्यांची जोडी ढग आणि पावसाइतकी अभिन्न होती. काकांना नाटकासाठी ठरवले की कंपनीला बाबाही घ्यावे लागत.

आठ वर्षांपूर्वी, इटियाडोहच्या कालव्याकाठच्या एका गावी नाटक होते, आणि बाबा तापाने फणफणले होते. मी मराठी शिकायला महाविद्यालयात जाणारी, स्पष्ट वाणीचा गर्व असलेली मुलगी. त्यांच्या जागी मी निघाले. अंथरुणातून त्यांनी एवढेच बजावले, "बल्ब हलवू नोको, बाई." मला ती म्हाताऱ्या माणसाची अंधश्रद्धा वाटली. त्या खोलगट जागेतला बल्ब, बाबांनी कंपनीला घालून दिलेल्या रीतीने, मोठा विचित्र बांधलेला होता. त्याचा सारा प्रकाश वाचणाऱ्याच्या हनुवटीवर पडे आणि वही अंधारात राही. पहिले तीन अंक मी डोळे ताणून कसेबसे वाचले. शेवटच्या अंकाआधी मात्र पहाटेचे धुके मांडवात उतरले, अक्षरे पुसट झाली, आणि मी तो बल्ब वहीकडे वळवला.

काका नाटकातल्या मुलाच्या शवापाशी आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी ओळ दिली. शांतता. पुन्हा दिली, मोठ्याने दिली. इतक्या मोठ्याने की मागचा तबलजी दचकला. त्यांचे डोळे माझ्या दिशेच्या अंधारात काहीतरी चाचपडत होते, जत्रेत बोट सुटलेल्या मुलासारखे. राणीचे काम करणारी बाई ओठ न हलवता कुजबुजली, "काकाजी, बोला ना जी." मांडवातून कोणीसे म्हणाले, "बुढा काऊन गप झाला रे?" त्यावर दुसरा खेकसला, "आबे, रडून राहिला तो! चूप बस!" आणि हजार माणसे त्या मौनाला अभिनय समजून हुंदके देऊ लागली.

मग काका गुडघ्यांवर आले. शोकाने कोसळावे तसे मंचाच्या कडेपर्यंत सरकले, विलाप करणारा हात खाली सोडला आणि त्या हाताने बल्ब माझ्या चेहऱ्यावर फिरवला.

गालाला ऊब लागली. त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हतीच. ती माझ्या ओठांवर होती. मी ओळ उच्चारली. त्यांनी ती ओठांवरून उचलली, आणि तो मेघगंभीर आवाज मांडवभर पसरला. टाळ्या झाल्या. ते वळले नाहीत. त्यांना ऐकू येत नव्हते. कित्येक वर्षांपासून येत नव्हते. ज्या आवाजासाठी पंचक्रोशी जागत असे, तो स्वतः त्यांनीच किती हिवाळे ऐकला नव्हता!

सकाळी ते मिशी सोडवत बसले होते. मी पाठीमागून हाक मारली, दोनदा. मग समोर जाऊन उभी राहिले. माझा चेहरा पाहताच त्यांना सारे उमगले.

"कोणाले बोलू नोको, बाई. कंपनीवाल्यायले समजलं तं घरी बसवतीन मले." मग गोंदाने लाल झालेला ओठ चोळत हसले, "तुह्या बापाचा कान, माहा गळा. दोघं मिळून एक नट हावो आमी."

मी कोणाला बोलले नाही. आज बोलते, कारण आता त्यांना घरी बसवणारे कोणी उरले नाही. या धानकापणीत काकाही गेले. फुलचूरच्या माझ्या घराच्या खिडकीशी कापल्या धानाचा गंध येतो, आणि वाटते, काळ हाही असाच कुणी खोलगट जागेत बसलेला, जगाला पाठमोरा. त्याने दिलेल्या ओळींना आपण आयुष्य म्हणतो, आणि त्याच्या विसरण्याला मृत्यू.

पण काकांआधी, गेल्या माघात, बाबा गेले. काकांना फोन करून उपयोग नव्हता. ही बातमी कोणीतरी समोर उभे राहूनच द्यायला हवी होती. मी आमच्या झाडीतल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी त्यांच्या गावी गेले. भर दुपारी ते अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, ऊन नेमके माझ्या तोंडावर येईल अशी, आणि माझे ओठ हलेनात. त्यांनी माझ्या एकटीच्या येण्याकडे पाहिले, मागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिले. मग आयुष्यभर ओळीची वाट पाहिली तशी नजर माझ्या ओठांवर स्थिर केली आणि म्हणाले,

"सांग."