तेवढी एक ओळ

पिवळा दिवा लागताच अर्नेस्टीनने शेवटचं वाक्य धरलं आणि लाल लागायच्या आत आभारही मानून टाकले. विधानभवनाच्या समितीपुढे साक्षीला तीन मिनिटं मिळतात. शाळेच्या स्वयंपाकघरातून दरवर्षी एक दिवस रजा काढून ती इथे येई. नऊ वर्षांच्या सरावाने धाकट्या भावाची, लेम्युएलची, पंचवीस वर्षांची शिक्षा ती तेवढ्यात बसवू लागली होती. सभापती सँडविचचा कागद सोडवत होते.

मग मार्लीन हॉफर उठल्या. पाद्र्याची बायको, पहिलीच खेप. मुलगा ट्रेव्हर नशेच्या गोळ्या विकल्याबद्दल आत, लेम्युएलच्याच बराकीत. मार्लीनबाई रडल्या. लाल दिवा लागला, तर सभापतींनी त्यावर स्वतःची फाइल ठेवली.

"होऊ द्या सावकाश, बाई."

अकरा मिनिटं. अर्नेस्टीनही पहिल्या वर्षी रडली होती. त्यात दीड मिनिट गेलं आणि लेम्युएलचं नावच सांगायचं राहिलं.

बाहेर मार्लीनने तिचा हात धरला. "किती मुद्देसूद बोलता हो तुम्ही! मला नाही बाई जमत."

"जमेल की. आठ-नऊ वर्षं लागतात."

त्या वर्षी चमत्कार झाला. एरवी एका लिफ्टमध्ये न चढणारे हत्तीवाले आणि गाढववाले असे दोन्ही पक्ष शिक्षा कमी करायच्या विधेयकावर एकत्र आले. एकांना तुरुंगांचा खर्च नको होता, दुसऱ्यांना अन्याय. फोटो दोघांनाही हवा होता. तीन मतं कमी पडत होती, म्हणून एक ओळ घातली: गुन्ह्याच्या वेळी ज्याच्याजवळ हत्यार असेल, त्याला सवलत नाही.

लेम्युएलनेही गोळ्याच विकल्या होत्या. पण त्याच्या गाडीत हरणाच्या शिकारीची बंदूक होती. नोव्हेंबरात, शिकारीच्या हंगामात, त्या गावात ती पाद्र्याच्याही गाडीत असते.

"एकच तर ओळ आहे," तिचा आमदार म्हणाला. "पुढच्या वर्षी काढू."

"माझा भाऊ त्याच ओळीत आहे, साहेब."

ट्रेव्हर जूनमध्ये सुटला. मार्लीनने चर्चमध्ये जेवण ठेवलं. अर्नेस्टीन बटाट्याचं सॅलड घेऊन गेली. मत्सर हे पाप आहे, हे तिला त्याच धर्मात शिकवलं होतं. ट्रेव्हर तिसऱ्यांदा वाढून घेत होता. त्याच्या खांद्यांवर ती दुसरंच तोंड ठेवून पाहत होती, आणि ते नीट बसत होतं.

रविवारी लेम्युएलचा फोन आला. "ताई, तुझ्या कायद्याचा मला फायदा झाला गं!"

तिने गॅस बंद केला. "काय झालं?"

"ट्रेव्हरची खाट मिळाली. खालची, खिडकीजवळची. पोरगं मोठं नशीबवान!"

"काय दिसतं तिथून?"

"गाड्या लावायची जागा. अख्खी. भेटून निघालीस की जरा थांबत जा ना. बससाठी पळतेस नुसती."

पुढच्या भेटीनंतर ती थांबली. समोर एकसारख्या चाळीस खिडक्या, सगळ्यांना जाळ्या. आतलं काहीच दिसत नव्हतं. कितवी, ते विचारायचं राहून गेलं होतं. तिने पहिलीपासून सुरुवात केली आणि एकेका खिडकीला हात करत गेली.

सतराव्या खिडकीशी होती, तेव्हा बस सुटली.