बारा महिने पाणी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. अर्धापुरात एका कपाटाच्या खणात, स्वेटरखाली पडून असतो. मला कोणत्या कारखान्यात जोडले ते आठवत नाही. आठवतो तो हात, ज्याने मला पहिल्यांदा खोक्यातून बाहेर काढले. तो अक्षराचा होता.

अक्षरा दवाखान्यात परिचारिका. आमच्याकडे जिकडे पाहावे तिकडे केळीच्या बागा आणि सपाट काळी जमीन. तिला मात्र वेड डोंगरांचे. दुपारी डबा खाता खाता ती माझ्यावर डोंगर भटकणाऱ्यांचे ब्लॉग शोधायची. बहुतेकांत फोटोच फार. वाट कुठे चुकते, परतीची एसटी किती वाजता, हे कुणी लिहीत नसे.

मग तिला देगलूरच्या मल्लिकार्जुन गुरुजींचा ब्लॉग सापडला. अक्षर बारीक, फोटो धूसर. पण गुरुजी स्वतः कधी गेले ती तारीख प्रत्येक लेखावर घालत. 'दुसऱ्या वळणावरचा दगड हलतो, त्यावर पाय देऊ नये,' असे लिहीत. त्यांच्या भरवशावर अक्षरा आणि तिची मैत्रीण उज्वला सात डोंगर चढल्या. माथ्यावर पोहोचल्या की उज्वला मला पदराने पुसून फोटो काढायची. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे गुरुजींची नजर गेली आणि ब्लॉग थांबला. अक्षरा नवा शोधू लागली. मी सर्वांत वर एक झगमगीत ब्लॉग आणून ठेवला. त्यात किनवटपलीकडच्या एका डोंगराविषयी लिहिले होते, 'माथ्यावरच्या टाक्यात बारा महिने पाणी.'

मे महिन्यात दोघी निघाल्या. अर्ध्या चढावरच बाटल्या संपल्या.

"अक्षे, वर पाणी हाय ना?" उज्वलाने विचारले.

"हाव. बारा महिने असतंय म्हणून लिवलंय की."

टाक्यात वाळून भेगाळलेला चिखल होता. उज्वला खडकाच्या सावलीला बसली, काहीबाही बरळू लागली, मग बोलेनाशी झाली. उष्माघात अक्षराने दवाखान्यात कितीदा पाहिला होता. अंगावर पाणी ओतायचे असते, हे तिला ठाऊक होते. तेच नव्हते. मला उंच धरून ती कड्यापर्यंत पळाली. रेंज मिळाली नाही. मग ती खालच्या तांड्याकडे धावत सुटली. वाटेत पडली, माझी काच तडकली. लोक बाज आणि घागरी घेऊन वर पोहोचले, तेव्हा उज्वला गेलेली होती.

तेराव्यानंतर उज्वलाची आई भामाबाई आली. तिला वाचता येत नव्हते.

"ते काय लिवलंय, मला वाचून दाखव."

अक्षराने वाचले. भामाबाईने शेवटपर्यंत ऐकले.

"लिवणारा कवा गेलता तिथं?"

अक्षराने मला वर-खाली सरकवून पाहिले. तारीख कुठेच नव्हती.

"न्हाई लिवलं, मावशी."

"मग तू इचारलं का न्हाईस?"

भामाबाई रागावली नव्हती. तिला खरेच कळत नव्हते.

त्या दिवसापासून मी खणात आहे. मित्रांनो, शब्द पुढे आणून ठेवणे एवढेच मला येते. खरे-खोटे मला कळत नाही. लिहिणारा तिथे स्वतः कधी गेला होता, ते आधी पाहा. आणि वाटेत माणूस भेटला तर त्याला विचारा. ते टाके होळीलाच आटते, हे तांड्यातल्या एका म्हातारीला ठाऊक होते. सकाळी दोघी तिच्या दारावरूनच गेल्या. तेव्हा त्या माझ्याकडे पाहत चालल्या होत्या.