भिंतीतलं पाखरू

शेटलंडच्या किनाऱ्यावरून हेस्टा बेट होडीने जेमतेम वीस मिनिटांवर, पण ऑस्लाचं पाऊल तिथे नऊ वर्षांत पडलं नव्हतं. गुडघेच साथ देत नव्हते. यंदा मात्र निरोपच असा आला की घरात बसवेना. पाखरांचं घरटं असलेली भिंत पाडायची नाही, असा बेटावर नियम होता; पण तिथल्या तिच्या माहेरच्या पडक्या घराच्या भिंतीत दोन वर्षं मोजणीत एकही पाखरू सापडलं नव्हतं. आजच्या मोजणीतही नाही सापडलं, तर भिंत उतरवून दगड धक्क्याच्या कामाला लावणार होते.

"मावशी, पफिन बघायला निघालात की भांडायला?" होडीवाल्या मॅग्नीने विचारलं.

"तू आधी पोचव. मग ठरवते."

बेटावर सील खडकांवर लोळत होते, रंगीत चोचीचे पफिन पक्षी पायवाटेतच ठाण मांडून बसले होते. होडीतली बाकीची मंडळी फोटो काढत पांगली. ऑस्ला तडक घराकडे गेली. इथेच, चुलीशेजारी, आई दर उन्हाळ्यात भिंतीला तोंड लावून अलामुटीची साद घालायची. चिमणीएवढं ते काळं समुद्रपाखरू दिवसभर फटीत अंडं उबवतं आणि साद ऐकली की आतून घुरघुरतं. जितकी उत्तरं, तितक्या गाठी आई लोकरीच्या धाग्याला मारायची. त्या गाठींवरच ऑस्ला आकडे शिकली.

बेटाची राखण करणारी तरुण कर्स्टी प्रत्येक फटीपाशी यंत्रातून तीच साद वाजवत होती. भिंत गप्प.

"आजी, वाईट वाटतं हो. पण नाहीये कुणी."

ऑस्लाने कवळी काढून रुमालात गुंडाळली.

"हे काय आता?"

"कवळी लावून उचकी जमत नाही गं. आईची साद उचकीवर संपायची."

गुडघे कुरकुरले, तरी ती खाली बसली. घुरघुर, मग उचकी. काहीच नाही. पुन्हा. काहीच नाही. कर्स्टीने वही मिटली. तिसऱ्यांदा ऑस्लाने आईसारखे ओठ थेट दगडाला टेकवले.

आतून उत्तर आलं. झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखं, चांगलंच चिडलेलं.

कर्स्टीने घाईघाईने वही उघडली. "एक! झालं आजी, आता या भिंतीला कुणी हात लावत नाही."

तरी ऑस्ला उठेना. शालीचा एक धागा ओढून तिने त्याला गाठ मारली आणि गाल दगडाला लावून बसून राहिली. धक्क्यावरून मॅग्नीने दोनदा भोंगा वाजवला.

"थांब म्हणावं त्याला," डोळे पुसत ती म्हणाली. "घरात माणूस आहे माझं."