चौबळ सरांचा गुरुवार

डॉ. चौबळांनी धोंडीबाईच्या दंडाला पट्टा गुंडाळला, तेव्हा म्हातारी गोंधळून नर्सकडे बघू लागली. पाच मिनिटांपूर्वीच त्यांनी तिचं ब्लडप्रेशर मोजलं होतं, आकडा कार्डावर लिहिलाही होता. नर्स संघरत्ना रोकडेने पट्टा सोडवून घेतला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

२००४ची दिवाळी नुकतीच झाली होती. मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून प्रोफेसर म्हणून निवृत्त झालेले चौबळ तीन वर्षं दर गुरुवारी म्हसा गावाजवळच्या या दवाखान्यात येत. वृद्धांच्या आजारांचे सल्लागार अशी त्यांची नेमणूक होती. म्हाताऱ्या माणसाला तरुणाच्या मापाने गोळ्या द्यायच्या नाहीत, आधी घरात स्वयंपाक कोण करतं, दिवसातून किती वेळा जेवण होतं ते विचारायचं, हे त्यांनीच संघरत्नाला शिकवलं. सिस्टर, तुम्हाला काय वाटतं, असं त्यांच्याआधी तिला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणूनच तिने त्यांची चूक त्यांना दाखवली नाही. पेशंट बाहेर पडण्याआधी ती प्रत्येक चिठ्ठी वाचायची. कधी तेच औषध दोनदा लिहिलेलं असायचं, कधी दुखणाऱ्या गुडघ्याला खोकल्याचं औषध. ती गुपचूप दुरुस्त करायची. मेडिकल ऑफिसरला तिने एकदा सुचवून पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला कोण सांगणार, असं म्हणून त्याने विषय बदलला. चुका वाढत गेल्या.

जानेवारीत एका गुरुवारी तिला ट्रेनिंगसाठी शहापूरला पाठवलं. तिने टाळून पाहिलं, जमलं नाही.

शनिवारी सकाळी धोंडीबाईची सून सोमी धावत दवाखान्यात आली. म्हातारी उठतच नव्हती. संघरत्ना घरी पोचली, तेव्हा धोंडीबाईचं अंग घामाने भिजून गार पडलं होतं. उशाशी गुरुवारची चिठ्ठी होती. साखर कमी करणारी गोळी चौबळांनीच दिवाळीआधी अर्धी केली होती. आता ती सकाळ-संध्याकाळ दोन-दोन लिहिलेली होती.

"लिवल्यात तेवढ्याच दिल्या गो ताई," सोमी म्हणाली. "आमी जास्तीच्या नाय दिल्या."

संघरत्नाने शिरेतून ग्लुकोज दिलं. बऱ्याच वेळाने धोंडीबाईने डोळे उघडले. जीव वाचला, पण सोमीला तिने ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढच्या गुरुवारी पेशंट आत सोडण्याआधी संघरत्नाने दार लावलं आणि चिठ्ठी चौबळांसमोर ठेवली. काय झालं तेही सांगितलं. त्यांनी कागद उचलून पुन्हा वाचला. अक्षर त्यांचंच होतं. हे कधीपासून चाललंय, असं त्यांनी विचारलं. दिवाळीपासून, ती म्हणाली.

"आणि तुम्ही दुरुस्त करत होतात."

"हो, सर."

"चुकलं तुमचं. पहिल्याच दिवशी मला सांगायला हवं होतं. मी तुम्हाला हेच शिकवलं ना?"

"तुम्ही शिकवलंत, म्हणूनच सांगवलं नाही."

चौबळांनी राजीनाम्यासाठी कागद मागितला. तारीख तिला विचारून लिहिली. मग मेडिकल ऑफिसरला बोलावून त्यांनी दिवाळीपासूनची सगळी कार्डं काढायला लावली. दुपारी चारपर्यंत तिघं ती तपासत होते. चौबळांनी पेनाला हात लावला नाही. शंका आली की ते कार्ड संघरत्नाकडे सरकवायचे. अकरा घरी निरोप धाडावे लागले.

शेवटी ते धोंडीबाईच्या घरी निघाले. संघरत्ना सोबत गेली. सोमी अंगणात भात वाळवत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि चूक माझी होती, तुमची नाही, एवढंच म्हणाले. सोमीने पदर सारखा केला. रागावणं तिला सुचलं नसावं. तिने त्यांना प्यायला पाणी आणून दिलं. ओट्यावर बसलेली धोंडीबाई हसून तिघांकडेही सारखीच पाहत होती. चौबळांनी वाकून तिला नमस्कार केला.

बाहेर आल्यावर ते रस्त्यावर थांबले. एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. दवाखान्याचं पिवळं फाटक तिथून स्पष्ट दिसत होतं. संघरत्नाने हात धरला नाही. ती अर्धं पाऊल पुढे झाली आणि ते तिच्या मागून हळूहळू चालू लागले.